तात्पुरता आवाज

सिनेमागृहातली बेचाळीस तिकिटं एकाच नावावर गेली आहेत, हे रॅन्सफर्ड डेकरला सोमवारी दुपारी कळलं. ते नाव आपल्या आईचं आहे, हे त्यानंतर दोन मिनिटांनी.

फोन सिनेमागृहाच्या मॅनेजरचा होता. लंडनच्या पेकम भागातलं हे सिनेमागृह म्हणजे फर्निचरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावरचा, एकशे दहा खुर्च्यांचा एकच पडदा. येत्या रविवारी दुपारी तीन वाजता तिथे रॅन्सफर्डच्या ‘नववा मजला’ या सिनेमाचा पहिला खेळ होता. वीस-पंचवीस डोकी येतील, तीही कलाकारांच्या घरची, असा मॅनेजरचा अंदाज होता. आता चर्चच्या महिला मंडळाने पुढच्या चार ओळी जवळजवळ अडवल्या होत्या, आणि मंडळाच्या चिटणीस मिसेस इयामिदे डेकर विचारत होत्या की लाल गालिचा रस्त्यापासून असेल की जिन्यापासून.

लाल गालिच्याची गोष्ट रॅन्सफर्डनेच घरी केली होती, थट्टेत. पण सिएरा लिओनहून आलेल्या क्रिओ बायकांना समारंभ थट्टेत सांगायचा नसतो. लग्न असो की मयताच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवण, समारंभ म्हटला की अशोबी आली. एकाच ठाणातलं कापड सगळ्यांनी घ्यायचं आणि ज्याने त्याने आपापल्या अंगाला शोभेल तसं शिवायचं. गर्दीत कुणीही बघावं आणि ओळखावं की ही अमक्याची माणसं. या वेळचं कापड जांभळं होतं, त्यावर पिवळे पंखे. ते फेब्रुवारीतच फ्रीटाउनहून मागवलं होतं, असं त्याला त्या संध्याकाळी कळलं. आईने त्याला चकित करायचं ठरवलं होतं.

तो चकित झाला. आईला हवा होता तसा नव्हे.

‘नववा मजला’ रॅन्सफर्डने लिहिला होता आणि त्यात मुख्य भूमिकाही केली होती. दिग्दर्शन आणि एडिटिंग त्याचा शाळेपासूनचा मित्र जेव्हॉन याचं. तीन पोरांना रस्त्यावर टाकलेला सोफा सापडतो; नवव्या मजल्यावर पार्टी आहे, पार्टीत एक मुलगी आहे आणि लिफ्ट बंद आहे. तिघं तो सोफा जिन्याने वर नेतात. गोष्ट एवढीच. कागदावर ती फार मजेदार होती. दोघं ज्या कौन्सिलच्या इमारतींत वाढले तिथेच, आयांच्या स्वयंपाकघरांत आणि शेजाऱ्यांच्या शिव्या खात जिन्यांवर, एकोणीस दिवसांत त्यांनी ती उरकली. चौऱ्याऐंशी मिनिटांचा सिनेमा झाला. तो फसला आहे हे दोघांनाही ठाऊक होतं, फक्त एकमेकांना सांगितलेलं नव्हतं.

जानेवारीत युवक केंद्रात तीस पोरांना तो दाखवला तेव्हा अर्ध्या तासात हॉलमध्ये मोबाइलचे चौकोन उजळायला लागले. सोफा पाच वेळा पडला, पोरं हसली नाहीत. काकाच्या कुत्र्याने पिझ्झा पळवला, तरी नाहीत. एकदाच सगळा हॉल खदखदला, एक्कावन्नाव्या मिनिटाला. तीनही पोरं पोलिसांना घाबरून कचऱ्याच्या खोलीत लपतात, मुख्य पोराचा फोन चुकून मोठ्याने सुरू होतो आणि त्याच्या आईचा निरोप वाजायला लागतो, तिथे.

तो आवाज कुठल्याही नटीचा नव्हता. इयामिदे डेकरचा होता.

झालं होतं ते असं. पडद्यावर आई झालेली क्रॉयडनची बाई एका दिवसाचं काम करून गेली. निरोप ध्वनिमुद्रित करायला तिने पुन्हा यायचं होतं, पण तिला नाताळच्या नाटकात काम लागलं. इकडे एडिटिंग खोळंबलं. प्रसंग किती लांब ठेवायचा हे ठरवायला जेव्हॉनला तिथे कुठलातरी आवाज हवा होता. मुकं चित्र तसंच ठेवायचं नाही, काहीतरी टाकून पुढे जायचं आणि खरं आलं की बदलायचं, ही त्या धंद्यातली रोजची रीत. रॅन्सफर्डने खिशातून फोन काढून दिला. “हे टाक. तात्पुरतं.”

फोनमध्ये दोन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरातला निरोप होता, दीड मिनिटाचा. त्याने तो कधी पुसला नव्हता आणि त्याला कधी उत्तरही दिलं नव्हतं. शाळेत असल्यापासून तो आईची नक्कल करायचा. डोक्याचा रुमाल सावरणं, मध्येच प्रभूला हाक मारणं, ‘तुझ्या वयाची होते तेव्हा’ हे वाक्य तीन पट्ट्यांत म्हणणं. त्याच्या वर्गात आफ्रिकेहून आलेल्या आयांची पोरं डझनभर होती आणि सगळीच नकला करायची, पण रॅन्सची आई सर्वांत गाजलेली. त्यामुळे जेव्हॉनने तो निरोप पहिल्यांदा ऐकला तेव्हा तो आधी हसला, आणि मग विचारलं की ही नक्कल कधी केलीस.

नक्कल नाही, खरी आहे, असं रॅन्सफर्डने सांगितलं. तोही हसत होता.

क्रॉयडनची बाई पुढे आलीच नाही. जेव्हॉनने निरोपातलं ‘रॅन्सफर्ड’ हे नाव छाटलं, एक वाक्य तीनदा फिरवलं, त्या वाक्यावर कुत्र्याचा चेहरा जवळून दाखवला. शेवटी श्रेयनामावली जाते तिथे त्याच वाक्याखाली ढोल टाकून त्याचं गाणं केलं. तात्पुरतं म्हणून ठेवलेलं असं कायमचं होऊन बसलं.

मंगळवारी तो जेव्हॉनच्या घरी गेला आणि त्याने विचारलं की तो आवाज बदलता येईल का. जेव्हॉनने आधी कामाच्या अडचणी सांगितल्या. सिनेमागृहाची प्रत तयार आहे, नवी करायची तर करणारा माणूस लीड्सला, दोन दिवस जातील, नेमका आवाज जुळला नाही तर सगळाच खेळ जाईल. मग खुर्ची फिरवून तो खरं बोलला.

“रॅन्स, आपल्याकडे विनोद एकच आहे. तो काढला तर मागे सोफा उरतो.”

या वेळी बोलायला हवं होतं, हे रॅन्सफर्डला तेव्हाही कळत होतं. ती माझी आई आहे, एवढंच वाक्य होतं. ते न बोलता त्याने विचारलं की निदान निरोपातलं मिना हे आईच्या मैत्रिणीचं नाव तरी काढता येईल का. जेव्हॉन म्हणाला, बघतो. त्याने बघितलं नाही आणि रॅन्सफर्डने पुन्हा विचारलं नाही. जिना उतरताना त्याला हलकं वाटत होतं. त्या हलकेपणाचा अर्थ त्याने चारही मजले स्वतःला विचारला नाही.

गुरुवारी संध्याकाळी तो सांगायचं ठरवूनच घरी गेला. आई गुडघ्यांवर बसून, तोंडात टाचण्या धरून, मिना आंटींच्या झग्याची किनार मोडत होती. मिना आंटी, म्हणजे मिसेस विल्हेल्मिना प्रॅट, मंडळाच्या अध्यक्ष. चाळीस वर्षं सुईणीचं काम करून निवृत्त झालेली उंच, ताठ बाई. अर्ध्या पेकमला मी उलटं धरून रडवलंय, असं त्या सांगायच्या, आणि ते खरं होतं; रॅन्सफर्डही त्या अर्ध्यात होता. त्या आता स्टुलावर उभ्या असल्याने छताला टेकल्यासारख्या दिसत होत्या.

“काय वकीलसाहेब,” त्यांनी वरून विचारलं, “रविवारी कोर्टातून सुट्टी मिळाली का?”

कोर्ट रविवारी बंद असतं, असं रॅन्सफर्ड म्हणाला. आईने टाचण्यांमधून समाधानाचा हुंकार दिला.

कायद्याचा अभ्यास त्याने दुसऱ्या वर्षाला सोडला होता. आईला ते माहीत होतं, मंडळाला नव्हतं. मंडळाच्या लेखी तो पदवी घेऊन आता एका मोठ्या वकिलाच्या हाताखाली शिकत होता आणि सिनेमा सुट्टीत करत होता. हे खोटं आईने एकटीने रचलं होतं. त्याने फक्त दर वेळी मान डोलावली होती.

मिना आंटी गेल्यावर त्याने सुरुवात केली की सिनेमात काही गोष्टी अशा आहेत, ज्या तुला कदाचित आवडणार नाहीत. आईने सुई खाली ठेवली आणि शिव्या आहेत का म्हणून विचारलं. आहेत म्हणाला. किती? बऱ्याच. ती म्हणाली की ती कानांवर हात ठेवील, बाकीच्यांनाही तसं सांगून ठेवील; मिनाची काळजी नको, ती डाव्या कानाने बहिरीच आहे. मग ती स्वतःच हसायला लागली. मुलाच्या सिनेमाला जायचं म्हणून तिने रुग्णालयातली रविवारची पाळी बदलून घेतली होती. वॉर्डात जेवणाची ताटं पोहोचवायचं तिचं काम. बावीस वर्षांत तिने पाळी बदलून मागण्याची ही तिसरी वेळ.

रॅन्सफर्डही हसला. सांगायचं राहून गेलं. झोपताना त्याने डोक्यात हिशेब मांडला की मिना आंटी आईच्या उजव्या बाजूला बसल्या तर त्यांचा बहिरा कान पडद्यावरच्या आवाजाकडे येईल की आईकडे. आवाज सगळ्या भिंतींतून येतो, हे त्याला माहीत होतं.

रविवारी जेव्हॉनने लग्नाच्या हॉलमधून लाल पट्टा आणला होता. तो दहा फूट लांब होता. दारापासून जिन्यापर्यंत पुरला नाही, म्हणून जिन्याच्या पहिल्या तीन पायऱ्या सोडून चौथीपासून वर अंथरला. बेचाळीस बायका चर्चमधून सरळ आल्या. जांभळं कापड, पिवळे पंखे, डोक्यांवर त्याच कापडाच्या उंच घड्या. प्रत्येकीने त्या पट्ट्यावर थांबून फोटो काढून घेतला, त्यामुळे खेळ पंचवीस मिनिटं उशिरा सुरू झाला. मागच्या ओळींत कलाकारांचे मित्र, शाळेतली जुनी पोरं आणि स्थानिक रेडिओची एक मुलगी. आई दुसऱ्या ओळीच्या मध्यभागी बसली. मिना आंटी तिच्या उजव्या हाताला.

रॅन्सफर्ड भिंतीशी उभा राहिला. खुर्ची होती, पण त्याला बसवेना.

महिला मंडळ आधी मनापासून हसलं. सोफा पहिल्यांदा पडला तेव्हा बेचाळीस जणी हसल्या. दुसऱ्यांदा वीसेक. चौथ्यांदा फक्त मिसेस कोल, आणि त्यांना कशावरही हसू येतं. शिवी आली की आईचे दोन्ही हात कानांवर जायचे, आणि तिचं बघून पूर्ण ओळीचे. पडद्यावरच्या पोरांनी दर मिनिटाला तोंड सोडलं होतं, त्यामुळे पुढच्या ओळी कवायत केल्यासारख्या वर-खाली होत होत्या. मागची पोरं सिनेमापेक्षा त्यालाच हसत होती. चाळिसाव्या मिनिटानंतर कुणीच कशाला हसत नव्हतं. अंधारात कुणीतरी चॉकलेटचा कागद उलगडला, तो सगळ्यांना ऐकू आला.

एक्कावन्नावं मिनिट आलं. कचऱ्याच्या खोलीत फोन वाजला.

“मी ममा बोलतेय. फोन उचलत नाहीस. भात भांड्यात तसाच ठेवून गेलास, त्याला वास सुटलाय, डुकरांनीसुद्धा नाक मुरडलं असतं.”

मागच्या ओळी एकदम जाग्या झाल्या. हशा उसळला.

“मिनाला मी सांगितलंय की तू शेवटच्या वर्षाला आहेस. सगळ्यांना तेच सांगितलंय. चर्चला येशील तर ती टोपी घालून येऊ नकोस. वकील होणाऱ्या मुलासारखा ये. एवढं माझ्यासाठी कर. प्रभू, माझं काय चुकलं? मला या बायकांसमोर लाज आणू नकोस.”

“मला लाज आणू नकोस,” पडद्यावरून पुन्हा आलं. कुत्र्याने मान वाकडी केली. “मला लाज आणू नकोस.”

मागे कुणीतरी खुर्चीवर हात आपटत हसत होतं. रॅन्सफर्डचे डोळे दुसऱ्या ओळीवर होते. आईचे हात या वेळी कानांवर गेले नाहीत. आसपासच्या जांभळ्या घड्यांपैकी एकही हलली नाही. वीस वर्षं या बायका एकमेकींच्या शेजारी बसून प्रार्थना म्हणत आल्या होत्या. आवाज कुणाचा हे कुणी कुणाला विचारायची गरज नव्हती. निरोपाच्या शेवटी बसचा ब्रेक वाजतो आणि आई “बस आली, ठेवते” म्हणते, तिथे आवाज जरा फाटतो. जेव्हॉनने तो फाटलेला भाग तसाच ठेवला होता. तिथे सर्वांत मोठा हशा आला.

अजून तेहतीस मिनिटं बाकी होती. ती रॅन्सफर्डने भिंतीला पाठ लावून काढली. शेवटी नावं वर सरकायला लागली, ढोल सुरू झाला, आणि आईची विनवणी ठेक्यात वाजायला लागली. मागची पोरं त्यावर माना हलवत होती. बायका उठल्या नाहीत. त्या त्याचं नाव वाचायला थांबल्या होत्या. आपल्या पोराचं नाव छापून आलं की ते वाचून उठायचं असतं. नाव आलं तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या, सगळ्यांनी सारख्या, शिस्तीत.

दिवे लागल्यावर मॅनेजरने पडद्यापुढे दोन खुर्च्या टाकल्या. जेव्हॉन खुशीत होता; त्याच्या कानात तो एकच हशा घुमत होता. रेडिओच्या मुलीने पहिलाच प्रश्न विचारला की फोनवरची आई कोण. संपूर्ण सिनेमात तीच खरी वाटते, ही नटी मिळाली कुठे?

जेव्हॉनने रॅन्सफर्डकडे बघितलं. रॅन्सफर्डने दुसऱ्या ओळीकडे बघितलं. आई मांडीवरच्या पर्सवर हात ठेवून सरळ बसली होती, फोटोला बसतात तशी. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती वाट बघत होती. तो काय बोलतो यावर तिचा रविवार, पुढचा रविवार आणि त्यानंतरचे सगळे रविवार अडकले आहेत, हे तिला कळलं होतं. आणि त्याला कळलंय की नाही, एवढंच ती बघत होती.

“माझी ममा,” रॅन्सफर्ड म्हणाला. “मी लिहिलं, तिने वाचलं. एकदाच. आम्हा सगळ्यांत अभिनय फक्त तिला येतो.”

कुणाच्याही चेहऱ्यावर त्याला विश्वास दिसला नाही, म्हणून तो पुढे बोलत सुटला. मिना आंटींचं नाव न विचारता वापरलं, त्याबद्दल त्यांची माफी मागतो. सुचलेलं पहिलं नाव तेच होतं.

मिना आंटींनी हात वर केला. “पुढच्या वेळी माझी भूमिका दे,” त्या म्हणाल्या. “नुसतं नाव घेऊन भागायचं नाही.”

पुढच्या चारही ओळी हसल्या. त्या हसण्यात सुटका होती. कुणीतरी दार उघडून दिल्यासारख्या सगळ्याजणी एकदम त्यातून बाहेर पडल्या. टाळ्या सुरू झाल्या. मिसेस कोलनी आईला कोपराने ढोसलं, मागून कुणी खांद्याला हात लावला, आणि आईला उभं राहावं लागलं. ती उठली, वळली आणि मागच्या ओळींतल्या अनोळखी पोरांपुढे किंचित वाकली. पोरांनी शिट्ट्या वाजवल्या. एकाने तिच्याच सुरात ‘मला लाज आणू नकोस’ म्हणून दाखवलं. आई त्याच्याकडे बघून हसली.

तेव्हा रॅन्सफर्डला कळलं की आपण तिला वाचवलं नाही. आधी तिचं रडणं घेतलं होतं, आता ते खोटं होतं असं तिलाच मान्य करायला लावलं.

जेवण दोन रस्ते पलीकडे चर्चच्या हॉलमध्ये होतं. शनिवारपासून शिजत असलेला जोलोफ भात, कसावाच्या पाल्याची भाजी, तळलेले मासे, बादलीभर आल्याचं सरबत. बायकांनी सिनेमाचं कौतुक केलं. सोफा अगदी खरा वाटला, असं तिघींनी वेगवेगळं सांगितलं. जिने चढून पोरांची केवढी दमछाक झाली असेल, असं एकीने. रॅन्सफर्ड थँक यू म्हणत राहिला. प्रत्येक कौतुकाने तो अधिकच कानकोंडा होत होता, आणि हातातल्या ताटातला भात एका कडेला लोटत होता.

मग मिसेस कोलनी आईला गळ घातली की इयामिदे, ते फोनवरचं एकदा करून दाखव. आईने आधी नको म्हटलं. दोघी-तिघींनी टाळ्या वाजवल्या. रॅन्सफर्डला वाटलं आपण मध्ये पडावं, ममा दमली आहे असं काहीतरी म्हणावं. तो भाताच्या भांड्यापाशी उभा होता, पाच पावलांवर. तो हलेपर्यंत आईने रुमालाला हात लावून सुरुवात केली होती. भात, वास, डुकरं, टोपी, सगळं क्रमाने. पडद्यावर होतं त्यापेक्षा ती छान करत होती. कुठे थांबायचं, कुठे प्रभूला हाक मारायची हे तिला बरोबर माहीत होतं, आणि बायका पोट धरून हसत होत्या. शेवटच्या ओळीला ती दारातल्या कुणाला तरी बोलावल्यासारखा हात करून “बस आली, ठेवते” म्हणाली. या वेळी आवाज फाटला नाही.

मिना आंटी हसत नव्हत्या. त्या रॅन्सफर्डच्या उजव्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या आणि सरबताचा पेला भरता भरता, त्याच्याकडे न बघता बोलल्या.

“माझी भाची तुझ्या त्या विद्यापीठाच्या ऑफिसात आहे. तू सोडलंस त्याच महिन्यात मला कळलं.”

रॅन्सफर्डने ताट टेबलावर ठेवलं.

“सगळ्यांना माहीत होतं,” त्या म्हणाल्या. “बेचाळीस जणींना. तू कितव्या वर्षाला आहेस असं तिला कुणी एकदा तरी विचारलं? मी वकीलसाहेब म्हणायचे, कारण तिला ते ऐकायला बरं वाटायचं. झाकली मूठ होती, पोरा. तिने धरलेली नव्हती, आम्ही धरली होती.”

त्याने विचारलं की मग हॉलमध्ये त्यांनी त्याची बाजू का घेतली.

“तुझी कोण घेतंय,” मिना आंटी म्हणाल्या आणि पेला घेऊन निघून गेल्या.

सहाच्या सुमारास हॉल रिकामा होत आला. आई मागच्या खोलीत उरलेला भात डब्यांत भरत होती. एकटी होती. रॅन्सफर्ड दारात उभा राहिला, आणि एवढा वेळ तोंडात घोळवलेलं सगळं बोलून गेला. ते तात्पुरतं होतं, बदलायचं होतं, जेव्हॉनला सांगितलं होतं, वेळ नव्हता. बोलता बोलता त्यातलं एकेक वाक्य त्यालाच पोकळ वाटायला लागलं आणि तो मध्येच थांबला.

आईने डब्याचं झाकण लावलं.

“त्या दिवशी बसस्टॉपवर मी रडत होते,” ती म्हणाली. “ते तुला ऐकू आलं नव्हतं?”

नाही म्हणणं सोपं होतं. फोनचा आवाज बारीक होता, रस्त्यावर गर्दी होती, असं काहीही चाललं असतं. दुपारपासून तिच्यासाठी म्हणून तो जे बोलला होता, त्यात आणखी एकाची भर पडली असती आणि कदाचित तिने तेही घेतलं असतं.

“आलं होतं,” तो म्हणाला.

“पहिल्यांदा ऐकलंस तेव्हाच?”

“हो.”

तिने मान हलवली. त्यात आश्चर्य नव्हतं. भाताचे चार डबे तिने पिशवीत एकावर एक रचले, पाचवा बाजूला काढून टेबलावर त्याच्या पुढ्यात ठेवला आणि कोट चढवला. बाहेर मिना आंटींनी तिला हाक मारली. ती येते म्हणाली.

“आज मी मिनाकडे झोपणार आहे,” ती त्याला म्हणाली. “उद्याचं उद्या बघू. किल्ली आहे ना तुझ्याकडे?”

आहे, असं तो म्हणाला. दोघी रस्त्याने जाताना खिडकीतून दिसल्या. एकाच कापडाच्या, एक उंच, एक बुटकी. मिना आंटींनी पिशवी आपल्या हातात घेतली होती आणि आईला आपल्या उजव्या, ऐकू येणाऱ्या बाजूला घेतलं होतं. कोपऱ्यावर पोहोचेपर्यंत आई सारखी काहीतरी बोलत होती.